पिवळ्यावर काळं

४ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

फोनवर बोलायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून लिहिते. मागच्या वेळी तू एवढी ओरडलीस की मी फोन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला, तरी आतून तुझा आवाज येत होता. शाळेत सिस्टरनी तुला ‘भोंगा’ नाव ठेवलं ते उगाच नाही. लेखी भांडलं की निदान शेजाऱ्यांची करमणूक होत नाही.

बातमी अशी, की तुझ्या दादाचा सत्कार आहे. पोहण्याच्या तलावावर इतकी वर्षं काठाशी उभं राहून त्याने ज्यांची पाण्याची भीती घालवली, ती सगळी मंडळी एप्रिलच्या पहिल्या रविवारी जमणार आहेत. कपडे बदलायच्या खोल्यांची ती लांब भिंत आठवते ना? तिच्यावर बॅनर लावायचा आहे. चार मीटर रुंद, दीड मीटर उंच. तो मी करणार आहे.

हसू नकोस. तलावाच्या मंडळाचे चिटणीस आधी स्वतःच करणार होते. त्यांनी नमुना दाखवला, त्यात दादाच्या फोटोपेक्षा त्यांचाच फोटो मोठा होता. मी म्हणाले, “राहू द्या, बॅनर मी करते.” तोंडातून निघून गेलं. एकदा निघालेलं परत गिळायची सवय मला नाही, हे तुला माहीतच आहे.

मग मी कॉम्प्युटरवर बसून केला. मंद साय-रंगाची पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी अक्षरं, मधे शिबिराचा तो ग्रुप फोटो, आणि खाली सगळ्या विद्यार्थ्यांची नावं, कोणी रुसायला नको म्हणून. इतका सुरेख दिसत होता! बॅनर छापणाऱ्या बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि एकच शब्द बोलल्या, “नाही.”

तू जन्मभर छापखान्यात बसून लोकांच्या फाइली सरळ केल्यास. माझीही कर. मेलसोबत जोडली आहे.

दादा बरा आहे. डोळ्यांचं काय ते चालू आहे. बोलताना हल्ली माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघतो. सत्काराला येणार नाही म्हणतो, “कशाला ती शोभा?” पण त्याला आणायचाच आहे. आणि आल्यावर तो बॅनर त्याने स्वतः वाचला पाहिजे. दुसऱ्या कोणी वाचून दाखवलेला चालणार नाही. मला बाकी काही नको.

तुझी,
टाचणी


७ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

तुझी फाइल उघडली. मग खिडकी उघडली.

अगं, हे तू पत्र टाइप करायच्या कागदावर केलंयस. कागद केवढा, भिंत केवढी! आणि तो फोटो. तो तुला कोणीतरी फोनवर पाठवला असणार, त्यांना आणखी कोणीतरी पाठवला असणार. प्रत्येक हातात तो थोडा थोडा झिजला. आता तो चार मीटरवर ताणायचा म्हणजे पोस्टाच्या तिकिटाचा पलंगपोस करणं. दादाच्या नाकाच्या जागी चार तपकिरी चौकोन दिसतील. मूळ फोटो आण. ज्याने काढला त्याच्याकडून, जसाच्या तसा.

दुसरं. चित्र, अक्षरं असं सगळं एकत्र मांडायचं खरं सॉफ्टवेअर घे आणि एक दशांश मापात काम कर. म्हणजे खऱ्या बॅनरचे दहा सेंटीमीटर तर तुझ्या फाइलमध्ये एक. चाळीस बाय पंधराचा कागद कर. तेवढं मशीनला झेपतं आणि तुलाही झेपेल. छापणारी दहापट करून घेते. तिला तसं सांग मात्र, नाहीतर पंचा छापून हातात देईल.

आणि तिसरं, जे खरं म्हणजे पहिलं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम आलं की माऊसला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. कोण बघणार? किती लांबून? याची उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. तुझा हा बॅनर वाचायला माणसाला भिंतीला नाक लावून चालत जावं लागेल, आणि शेवटच्या नावापर्यंत पोचेतो सत्कार संपलेला असेल. तेव्हा कोण आणि किती लांबून, ते आधी लिही.

दादाच्या डोळ्यांचं ‘काय ते’ म्हणजे काय? मोतीबिंदू ना? मग उरकून टाका की. हल्ली सकाळी जातात आणि दुपारी पेपर वाचतात. आणि कानाकडे कशाला बघतो? काय केलंय त्याने? नजर चुकवणारा माणूस नव्हे तो. आईचा आरसा फोडला तेव्हा सरळ तिच्या डोळ्यांत बघून “मीच” म्हणाला होता, आणि मार मात्र मी खाल्ला, हसले म्हणून.

भोंगा


१५ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

तू कौतुक करायचं नाहीस असं ठरवूनच जन्माला आलीयस, पण ऐक. सॉफ्टवेअर घेतलं. पहिले काही दिवस मी नुसती रेघ ओढायची आणि ती भलतीकडेच जाऊन बसायची. अक्षर निवडायला जावं तर फोटो हलायचा. फोटो जागेवर आणावा तर त्याच्या मागे अक्षरं लपायची. मी कॉम्प्युटरला असं काही बोलले की सिस्टरनी ऐकलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं.

पण एक दशांश मात्र मला चटकन कळलं. आपला शिवणाचा तास आठवतो? भिंतीच्या बाजूच्या त्या लांब टेबलावर आधी कागदाचा छोटा फ्रॉक कापायचा, बाहुलीएवढा, आणि तो बरोबर आला की मगच कापडाला कात्री. तू कागदाच्या फ्रॉकला कागदाचेच खिसे लावायचीस आणि त्यांत बोरं ठेवायचीस. खिडकीतून दुपारचं ऊन त्या खडूच्या रेघांवर पडायचं. मला अजून त्या खोलीचा वास येतो, इस्त्रीचा आणि नव्या मांजरपाटाचा.

तर चाळीस बाय पंधराचा कागद केला. मूळ फोटो मिळाले, एक नाही, पाच. पाचही लावलेत. नावं थोडी कमी केली. साय-रंग आणि सोनेरी तसंच ठेवलं, कारण तेच शोभतं.

तुझे दोन प्रश्न. कोण बघणार? सगळे. किती लांबून? जिथून दिसेल तिथून.

छापणाऱ्या बाई मात्र पुन्हा “नाही” म्हणाल्या. या वेळी दोन शब्द जास्त बोलल्या, “अक्षरं फुटली.” माझ्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसणारा फॉन्ट त्यांच्याकडे उघडला तर सगळ्या वेलांट्या पळून गेल्या होत्या.

परवा दादाची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. दोघं तासभर हसत-बोलत बसले. ती गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं, “कोण होती गं?” वय झालं, दुसरं काय.

टाचणी


१७ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

“सगळे” म्हणजे कोणीच नाही. “जिथून दिसेल तिथून” हे उत्तर मला तीस वर्षं गिऱ्हाईकं देत आली. त्या सगळ्यांचे बॅनर मी पाहिलेत, आणि ते पाहणारी मी एकटीच असेन. मी विचारते एक, तू सांगतेस भलतंच. हे तू शाळेतही करायचीस. भूगोलाच्या पेपरात नदीचा उगम विचारला तर तिच्या काठच्या फुलांचं वर्णन.

आता रंग. सायीवर सोनं! बॅनर करतेस की साबणाचं वेष्टन? आणि स्क्रीनवरचं सोनेरी हे सोनेरी नसतं गं, मागे दिवा लावलेला असतो. छपाईच्या चार शाया एकमेकींत मिसळल्या की त्याचा ओल्या पुठ्ठ्याचा रंग होतो. लांबून वाचता यायला हवं असेल तर पिवळ्यावर काळं. याच्याइतकं ठसठशीत दुसरं काही नाही. तुला ते आवडणार नाही हे मला इथे बसून दिसतंय. नाक मुरडून झालं की पुढे वाच.

अक्षरं फुटली कारण तुझा फॉन्ट त्यांच्याकडे नाही. सगळं काम झाल्यावर शेवटी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं. मग वेलांटी कुठे पळत नाही. पण चित्र झाल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून आधी वाचून घे. मोठ्याने.

कडेला चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर रंग जास्तीचा वाढव. आम्ही त्याला ब्लीड म्हणतो, तुझ्या शिवणाच्या भाषेत माया. कडा दुमडून, चिकटवून, तिथे दोरीच्या रिंगा ठोकतात, तेव्हा ती माया आत जाते. ती नसेल तर कापताना हात जरा हलला की कडेला पांढरी चीर दिसते. आणि कुठलंही अक्षर काठाशी नेऊ नकोस.

फोटो पाच नकोत. एक. नावं नकोत.

आणि वय झालं म्हणे! माझा दादा नावं विसरेल, माणसं विसरणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सरळ लिही.

भोंगा


५ मार्च

काय गं? रुसलीस? पिवळ्यावरून एवढं? बरं, तू सोनेरी कर, चंदेरी कर, पण उत्तर दे. फोन लावला तर तो रुमालात गुंडाळलेला असणार.

भोंगा


८ मार्च

प्रिय भोंगा,

रुसले नाही. वैतागले होते. तुझ्यावर, सॉफ्टवेअरवर, छापणाऱ्या बाईंवर, चिटणिसांवर. ते दर दोन दिवसांनी येऊन विचारतात, “वहिनी, माझं नाव सन्माननीय लावून घातलंत ना?” आणि या सगळ्यांच्या आडून मी ज्यावर वैतागले होते ते तुला लिहायचं नाही, असं तुझ्या दादाने माझ्याकडून वचन घेतलं होतं. आज ते मोडते.

मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब होत चाललाय. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन नाही. इंजेक्शनं झाली, त्यांनी वेग थोडा कमी झाला. डॉक्टर म्हणाले, कडा राहतील, मधलं जाईल. आता बरंचसं गेलंच आहे. त्याला दाराची चौकट दिसते, दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. बशी दिसते, बशीतलं दिसत नाही. जिकडे बघावं तिथेच धूर.

म्हणून तो माझ्या कानाकडे बघतो. नजर चुकवत नाही गं. कानाकडे बघितलं की माझा चेहरा कडेला येतो आणि कडेने थोडासा दिसतो. हे मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि इतके दिवस त्याच्यावर “माझ्याकडे बघून बोल” म्हणून चिडत होते.

तो सत्काराला का येत नाही, ते आता तुला कळेल. म्हणाला, “सगळे समोर येऊन उभे राहणार, ‘सर, ओळखलंत?’ म्हणणार. मी काय सांगू? तुझ्या डोक्याच्या जागी ढग आहे?” कोणी कीव करणार असेल तर तो या घराबाहेर पाऊल ठेवणार नाही. आणि या वेळी आला नाही तर तो तलावावर पुन्हा कधीच जाणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तलावावरचे शूज केव्हाच माळ्यावर टाकलेत.

मी पाच-पाच फोटो लावत बसले, नावं मोजत बसले, कारण तेवढा वेळ त्याच्या डोळ्यांचं हे नसायचंच.

तुझ्या त्या दोन प्रश्नांची उत्तरं. कोण बघणार? एक माणूस. किती लांबून? तो काठावर जिथे उभा राहायचा तिथून, पाणी ओलांडून, समोरच्या भिंतीपर्यंत.

आता सांग काय करू.

टाचणी


९ मार्च

टाचणे,

पत्र दोनदा वाचलं. मग भांडी घासली. घासलेलीच होती.

मला न सांगायला लावलं त्याने! त्याच्याशी मी स्वतंत्र भांडेन, तो माझा हक्क आहे. आधी काम.

सगळं काढ. फोटो काढ, त्याला स्वतःचं तोंड दिसणार नाही आणि बाकीच्यांनी ते पाहिलेलं आहे. नावं काढ. ‘सन्माननीय’ काढ. ‘सत्कार सोहळा’ काढ. तिथे जमलेत त्यांना माहीत आहे ते कशाला जमलेत. एकच शब्द ठेव. जाड, साधं अक्षर, ज्याच्या पोटातली मोकळी जागा मोठी असेल असं. वळणदार काही नको. काळं. मागे पिवळं. आता नाक मुरडशील तर येऊन कापीन.

कुठला शब्द? हे विचारूच नकोस. मी सहा वर्षांची होते, पाण्याला एवढी भ्यायचे की केस धुवायला दोघं लागायची. दादाने न्हाणीतली बादली काठोकाठ भरली, माझं डोकं आत घातलं आणि ओरडला. मी रागाने पाण्यातच ओरडले, आणि मग कळलं की हेच तर तो सांगत होता. पुढे तलावावर त्याने हजारभर पोरांना तेच ओरडून सांगितलं. रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. त्याला भोंगा म्हणायला हवं होतं, नाव मला पडलं.

तोच शब्द. बुडबुडे!

बाकी मी सांगितलंय तसंच. एक दशांशात काम. पाच सेंटीमीटर माया. अक्षरं कर्व्ह. छापायच्या आधी नमुना बघ आणि मापं तपासून सही कर. सगळ्यांच्या सगळ्या चुका त्या सहीनंतर सापडतात.

भोंगा


२४ मार्च

प्रिय भोंगा,

झालं! आज सकाळी सही करून आले.

चिटणीस कालच येऊन गेले. त्यांना स्क्रीनवर दाखवलं.

“आणि बाकीचं?”

“बाकीचं काही नाही.”

“वहिनी, सत्काराला… बुडबुडे?”

“हो.”

“निदान कोपऱ्यात मंडळाचं नाव? माझं राहू द्या. मंडळाचं?”

“कोपऱ्यातही नाही.”

“लोक म्हणतील, साबणाची जाहिरात आहे.”

“मग म्हणू देत,” मी म्हटलं, “तुम्हाला दादांनीच शिकवलं ना पोहायला? तुम्हाला काय ओरडायचे?” तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मला जरा जास्तच ओरडायचे.” आणि गेले.

तू सांगितलंस तसं मोठ्याने वाचलं हे बरं झालं. पहिल्या नमुन्यात मी कर्व्ह करायला विसरले होते, तर उकार पळाले आणि ‘बडबडे’ झालं होतं. छापणाऱ्या बाई म्हणाल्या, “हे घरच्यांबद्दल आहे का?” आजवरचं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

पिवळा रंग भयंकर आहे. रस्ता खणून ठेवलाय, जपून चाला, असं सांगतोय. पण केला. माया मी स्वतः पट्टी लावून मोजली, कागदावरच्या नमुन्यावर. चारी बाजूंना बरोबर पाच सेंटीमीटर. शिवणाच्या तासाला माझी माया कधी सुतानेही चुकली नाही, आताही नाही.

दादाला सांगितलं, तिथे तुझ्यासाठी वाचायला काहीतरी आहे. म्हणाला, “मला वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे.” मी म्हटलं, “म्हणून तर.” हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

टाचणी


२४ मार्च, लगेच

पट्टीने मोजली म्हणजे?

एक दशांशातल्या फाइलवर पाच सेंटीमीटर ठेवलीस? पाच? अगं, तिथे अर्धा ठेवायचा! पाचाचे दहापट किती होतात? छापू नको म्हणून सांग. आत्ता जा. फोन रुमालातून काढ!


२९ मार्च

भोंगा,

तुझं पत्र वाचलं तेव्हा छापून झालं होतं. आज आणलं. गुंडाळी टॅक्सीत मावेना, खिडकीतून बाहेर काढून आणली. चार बाय दीडच्या जागी पाच बाय अडीच. चारी बाजूंना अर्धा अर्धा मीटर नुसतं पिवळं. कडा दुमडून वर रिंगाही ठोकल्यात. आमचा दिवाणखाना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिवळा झालाय आणि मी कोपऱ्यात स्टुलावर पाय वर घेऊन बसून हे लिहितेय.

दोष कोणाचा, ते आता ठरवूच. “पाच सेंटीमीटर माया” हे तू लिहिलंस. दोनदा. पत्रं समोर आहेत.


३० मार्च

“एक दशांशात काम” हेही मीच लिहिलं. दोनदा. तू माया तेवढी सोडून बाकी सगळं दशांश केलंस. असली चूक तीस वर्षांत कोणी केली नाही, कारण तीस वर्षांत कोणी नमुन्याला पट्टी लावून मोजायला बसलं नाही.

त्या बाईंकडून कापून घे. घरी कात्री लावू नकोस. वाकडं कापशील.

इतक्या लांबून मला येता येत नाहीये याचा एवढा संताप येतोय, की इथे जो समोर येईल त्याची फाइल परत पाठवतेय.

भोंगा


७ एप्रिल

प्रिय भोंगा,

कापला नाही. बाई गावाला गेल्या, दुकान बंद. चिटणीस शिडी घेऊन आले, भिंत बघितली, गुंडाळी बघितली आणि म्हणाले, “एवढा कुठे लावू? खिडक्या झाकल्या जातील.” मी म्हटलं, “झाका.” वरच्या कठड्याला दोऱ्या बांधून सोडला. अर्ध्या खोल्यांत अंधार. लोकांनी चाचपडत कपडे बदलले.

दादा आला. कसा आला विचारशील, तर मी म्हटलं, “तू नाही आलास तर चिटणीस तुझ्याबद्दल तासभर बोलतील आणि तुझ्या खुर्चीत बसून ते मला ऐकावं लागेल.” पंख्याकडे बघत म्हणाला, “शूज कुठे आहेत?” मी आधीच काढून पुसून ठेवले होते.

फाटकापाशीच व्हायचं ते झालं. एक गृहस्थ पुढे आले, सूट घातलेले, टक्कल पडलेले. “सर, ओळखलंत?” मी ज्याला ज्याला भेटले त्याला सांगून ठेवलं होतं की आधी आपलं नाव सांगा. यांना सांगायचं राहिलं होतं. दादा उभ्या उभ्या आखडला. माझं मनगट धरलं आणि ओठ न हलवता म्हणाला, “घरी.”

मी म्हटलं, “तुझ्या जागेपर्यंत चल. मग जाऊ.” नेला. काठावरची ती फरशी, जिथे त्याच्या टाचांनी जरा खोलगट झालीय, पायाला लागली तसा तो आपोआप सरळ उभा राहिला. मी कानात सांगितलं, “समोर वाच. म्हणजे समोर बघू नकोस.”

त्याने तोंड बाजूला वळवलं, शॉवरच्या नळांकडे. चिटणीस माझ्या मागे येऊन कुजबुजले, “सरांना आवडलेलं दिसत नाही. तोंड फिरवलं.” भोंगा, तो वाचत होता. इतकी वर्षं मी त्याला वाचताना पाहिलंय, कपाळावर डावीकडे एक आठी पडते. ती पडली होती.

“काहीतरी पिवळं आहे,” तो म्हणाला. “बापरे, केवढं पिवळं आहे! सगळी भिंतच पिवळी आहे.” मग मान आणखी थोडी वळवली. “आणि आत काळं.” तुझ्या त्या अर्ध्या अर्ध्या मीटर मायेने त्याला आधी जागा सापडली. मग तो आत शिरला, एक एक अक्षर. ओठ हलताना दिसत होते.

आणि मग ओरडला. तोच शब्द, तोच आवाज, रस्त्यापर्यंत.

पाण्यात तेव्हा निम्मी मंडळी उतरलेली होती, सलामी म्हणून एक आडवी फेरी पोहायची ठरली होती. पोटं सुटलेली, केस पांढरे झालेले, कोणी डॉक्टर, कोणी बस चालवणारी. शब्द कानावर पडला आणि सगळ्यांनी विचार न करता तोंडं पाण्यात घातली. अख्खा तलाव उकळल्यासारखा झाला. काठावर कोरड्या कपड्यांत खुर्च्यांवर बसलेल्यांनीही गाल फुगवले. चिटणीस माझ्या शेजारी गाल फुगवून उभे होते. त्यांच्या लक्षातही नव्हतं.

दादा हसत होता. मग त्या सूटवाल्या गृहस्थांच्या दिशेने म्हणाला, “काय विचारत होतास, ओळखलं का? कोरडा माणूस मला ओळखू येत नाही. पाण्यात उतर, मग सांगतो.”

आणि तो खरंच उतरला गं, सूट खुर्चीवर टाकून, चड्डी कोणाचीतरी मागून घेऊन. दादा नळांकडे तोंड करून उभा. कडेने हललेलं त्याला दिसतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. गृहस्थ चार हात मारतात न मारतात तोच दादा म्हणाला, “डावा हात आपटतोस! अजून आपटतोस! तू घड्याळाच्या दुकानाच्या वरचा. आईला खोटं सांगून यायचास.” गृहस्थ पाण्यात उभे राहिले आणि रडायला लागले. पाण्यात बरं असतं, कळत नाही. मग रांगच लागली. एकेक जण फेरी मारायचा आणि दादा सांगायचा. पाय कोण कात्रीसारखे मारतं, श्वास कोण उशिरा घेतं. दोघांच्या बाबतीत चुकला, आणि ते त्यांचंच पोहणं बिघडलंय म्हणून त्यांनाच ओरडला. भाषणं झालीच नाहीत. चिटणिसांचा भाषणाचा कागद खिशातच भिजला.

संध्याकाळी परत येताना गाडीत म्हणाला, “बॅनर उजवीकडे जरा खाली होता.” खाली होता. चार बोटं. मला स्वतःला ते घरी येऊन फोटोत दिसलं.

मी म्हटलं, “बाकी कसा होता?”

म्हणाला, “सापडला.” आणि थोड्या वेळाने, माझ्या कानाकडे बघत, “तू त्या गर्दीत मला कुठेच सापडली नाहीस. तुझे सगळे कपडे सायीच्या रंगाचे.”

तो उद्यापासून पुन्हा सकाळच्या वर्गाला जाणार आहे, नवशिक्यांच्या. तू त्याच्याशी जे स्वतंत्र भांडणार आहेस ते दुपारनंतर भांड.

आणि मी आज सकाळी जाऊन पिवळी लोकर आणली. माझ्याच स्वेटरसाठी. छापणाऱ्या बाई गावाहून परतल्यात, त्यांच्या दुकानावरून येताना त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि पहिल्यांदाच “नाही” म्हणाल्या नाहीत. रंग अगदी तोच आहे, भयंकर. पाठ विणायला घेतली आहे. या वेळी माया मोजून.

तुझी,
टाचणी